नानाजींचं नाक

वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा भाव नानाजी नाकाने ठरवत. बॉनेट नंतर. आधी काच दोन बोटं खाली करायची, टोपी काढून माझ्या हातात द्यायची, फटीत नाक खुपसायचं आणि डोळे मिटायचे. मालक बिचारा पुसलेल्या दिव्यांकडे बोट दाखवत असायचा. नानाजी म्हणायचे, "उंदीर. शंभर कमी." थोड्या वेळाने, "पाणी शिरलं हाय. पत्रा सडला. दोनशे कमी." मग तळाच्या पत्र्यात स्क्रूड्रायव्हर टोचायचे. तो आरपार जायचा. "मालक खोटं बोलते गा, वास नाही बोलत," असं म्हणून टोपी परत मागायचे.

मी कोल्हापूरकडचा. सातवीत शाळा सुटली, ट्रकवर क्लीनर झालो आणि ट्रकवाल्याने नागपुरात उतरवलं तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. नानाजींनी आपल्या गॅरेजमागची खोली दिली, गाडी शिकवली, लायसन काढून दिलं. आजही कुणी त्यांच्यासारखं 'गा' म्हणून हाक मारली की मी आधी उभा राहतो. पहिल्याच आठवड्यात आईने शिवलेली गोधडी मी धुवायला काढली, तर ती त्यांनी हातातून ओढून घेतली. "काहून धुवून राहिला बे? राहू दे तशीच!" मला वाटलं, साबण वाचवतायत. माणूस चिक्कूच होता. बिडीसुद्धा अर्धी ओढून विझवायचे आणि कानावर ठेवायचे.

वरातींना भाड्याने द्यायला एक जुनी रुबाबदार गाडी घ्यायची आणि ती मी चालवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मी लगेच घरी पत्र टाकलं : ड्रायव्हर झालो, आईला घेऊन येतो. झालो कुठे होतो? नानाजींचं नाक एकेक गाडी नापास करत होतं. उमरेडच्या मालकाने तर आत अत्तर शिंपडून ठेवलेलं. "लपवून काय राहिला भाऊ? काही तरी मेलेलं दिसते आत," नानाजी म्हणाले. सीटखाली मांजर निघालं. सगळे हसले. मला हसू आलं नाही. आईला काय कळवणार होतो?

मग सक्करदऱ्याच्या तलावाजवळ, सुमतीकाकूंकडे एक काळी मॉरिस गाडी असल्याचं कळलं. त्यांचे वकील यजमान गेल्यापासून ती टिनाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. आता घर विकून काकू मुलाकडे भोपाळला निघाल्या होत्या.

नानाजींनी नाक घातलं. मी उंदराची वाट पाहिली. काहीच नाही. ते बाहेर आले आणि काच हळूच वर केली. पुढून हँडल मारून पाहिलं, इंजिन जाम नव्हतं, सुटं फिरलं. बॅटरी मेलेली, टायर तडकलेले. पण त्याचे त्यांनी काही कमी केले नाहीत.

"वहिनी, साहेब तपकीर ओढत होते?"

"हो. पण तुम्हाला कसं..."

"आत आहेत जी अजून." नानाजींनी टोपी घातली. "तुम्ही सांगाल तो भाव देतो. पण आधी आत बसा. काचा लावून."

बसल्यावर काकूंचं मन फिरलं तर? "काहून बसवून राहिले, नानाजी?" मी कुजबुजलो.

"चूप बस बे."

काकू मागच्या सीटवर एका कडेला बसल्या, शेजारची जागा मोकळी ठेवून. आम्ही पाठ फिरवून उन्हात उभे. कानावरची बिडी नानाजींनी पेटवली नाही. खूप वेळाने दार उघडलं आणि चटकन बंद झालं.

"न्या आता," काकू म्हणाल्या. भाव त्यांनी सांगितला. नानाजींनी घासाघीस केली नाही.

गॅरेजच्या जीपला दोर बांधून गाडी निघाली. स्टिअरिंगवर मी, शेजारी नानाजी. वैशाखातलं नागपूरचं ऊन. मी काचेच्या हँडलला हात घातला.

"राहू दे गा."

"मरतो ना, नानाजी!"

"वरातीले लागली का मग काय राहते? आजच्या दिवस राहू दे."

एक सायकलवाला बंद काचेशी वाकून ओरडला, "बेकरीची भट्टी हाय का बे?" नानाजी समोरच बघत होते.

"माह्याकडं होती एक. माही म्हणजे, माही बायको बसायची तिच्यात. ती गेली, मग इकली. गिऱ्हाईक जास्त देईल म्हणून आतून धुतली, साबण लावून." कानावरची बिडी चाचपून म्हणाले, "चांगली घासून धुतली गा."

माझ्या बाजूची काच किंचित उघडी राहिली होती. मी ती वर केली.

खोलीतली गोधडी मी त्या वर्षीही धुतली नाही.