पुंडलीकबाब आणि माझी कंबर

पुंडलीकबाबांकडे गेलात तर बसायला खुर्ची मिळेल, पण तिच्यावर आधी खोक्याचा पुठ्ठा पसरलेला असेल. "बस मरे, लज कसली?" बसायचं, पाय जरा वर उचलायचे आणि उठायचं. मग ते पुठ्ठा खिडकीशी धरतात, अंगठा फिरवून बुडाच्या दोन हाडांचे खळगे शोधतात आणि मधलं अंतर पट्टीने सेंटिमीटरात मोजतात. चहा त्यानंतर. पुतण्याची सोयरीक ठरवायला आलेले मुलीचे वडीलसुद्धा यातून सुटले नाहीत. "साडेचौदा," पुंडलीकबाब आत जाऊन भावाला म्हणाले, "मनीस रुंद आसा. सोयरीक करुंया." लग्न झालं, आणि चांगलं चाललंय.

ही सारी मोजमापं सायकलीच्या सीटसाठी. डिचोलीत आमच्या शेजारी ते भावाच्या कुटुंबात राहतात. स्वतः लग्न केलं नाही. जन्म गेला खाणीवरच्या गॅरेजात. टिपर दुरुस्त व्हायचे, पण टिपर चालवून मोडलेल्या कमरा दुरुस्त व्हायच्या नाहीत, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं. निवृत्त झाले आणि ठरवलं, की दिवसभर चालवली तरी माणसाला कुठेही दुखणार नाही अशी सायकल करायची. टायर जाड, हवा बेताची. हँडल सीटपेक्षा चार बोटं उंच. मुठी तळहाताला टेकतील अशा चपट्या. आणि सीट मऊ नाही, तर मापाची. "गादयेर न्हिदतात, सायकल चलयनात," गादी झोपायला असते, असं ते सांगतात. माणसाच्या बोलण्यावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नाही. "हाडाक विचार. हाड फट मारिना." हाड कधी थाप मारत नाही म्हणे.

एकदा त्यांनी आमच्या पोदेरालाच धरलं. हा पोदेर रोज सकाळी भोंपू वाजवत सायकलवरून पाव घेऊन येतो. "गुडघे मोडशी रे!" म्हणत पुंडलीकबाबांनी त्याची सीट चार बोटं वर केली. बिचाऱ्याला दर दारात पाय टेकावा लागतो, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. तिसऱ्या दारात त्याचा पाय जमिनीला पोचला नाही आणि टोपलीसकट तो अबोलीच्या वाफ्यात गेला. त्या दिवशी अख्ख्या वाड्याने पावाऐवजी पोहे खाल्ले.

त्यांचं एकच स्वप्न होतं. पेडण्याच्या टोकाला केरीहून निघायचं आणि दोन दिवसांत पार काणकोणच्या टोकाला पोळेपर्यंत जायचं. अख्खा गोवा, पण दोघांनी. याआधी तिघांची मापं घेऊन झाली होती. तिघांनीही काहीबाही कारणं सांगून पाठ फिरवली होती. चौथा मी, गुरुदास. साडेतेरा.

मी मुळात कमी बोलणारा. पण आता सांगतोच. त्यांनी तीन महिने खपून माझ्यासाठी सायकल जुळवली. निघायच्या दिवशी पहाटे मी त्यांना फोन केला, "कंबर धरली."

कंबर ठणठणीत होती. बावन्नाव्या वर्षी सायकलवाले घालतात ती घट्ट, गादीवाली चड्डी घालून म्हापशातून जाताना कचेरीतलं कोणी बघेल, एवढीच माझी भीती होती. आयुष्यभर मी असाच ऐन वेळी मागे सरत आलोय. लोक एकदा रागावतात, मग विचारायचं सोडून देतात. मला त्याची सवय झाली होती.

पुंडलीकबाब रागावलेच नाहीत. अर्ध्या तासात पान्हा घेऊन हजर. "चूक तुजी न्हय रे. हँडल सकयल आसा." त्यांनी हँडल वर घेतलं. पुढच्या महिन्यात बोलावलं, तेव्हा मी पुन्हा कंबरच सांगितली, कारण नवं दुखणं शोधायचा मला कंटाळा आला. मग सीटखाली स्प्रिंगचा दांडा आला. तिसऱ्या थापेला नवी सीट आली, ती शोधायला ते बसने मडगावला जाऊन आले. माझ्या खोटेपणाने ती सायकल इतकी आरामशीर होत गेली, की तिच्यावर नुसतं बसलं तरी लाज वाटावी.

मग एक दिवस त्यांच्याकडे गेलो, तर खुर्चीवर पुठ्ठा नाही. चहा सरळ समोर आला. त्यांच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "आतां कोणाचेंच माप घेनात. गुरुदासाची कंबर हांवेंच मोडली म्हणटात."

माझी कंबर आपणच मोडली असं ते धरून बसले होते; मी कप खाली ठेवला.

"पुंडलीकबाब," मी म्हटलं, "माजी कंबर केन्नाच दुखूंक ना. हांवें फट मारली. तिनूय फावट."

त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. शिव्या येतील म्हणून मी मान खाली घातली.

"म्हणजे, माज्या सायकलीन तुका कांयच दुखूंक ना?"

"ना."

त्यांनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला. तिथे बसल्या बसल्या त्यांचे खांदे खाली आले.

"मग तुम्ही एकटेच का नाही गेलात?" मी विचारलं. "सायकल तर तयार होती."

"एकटो गेल्यार, 'बरें दिसता मरे?' म्हूण वाटेर कोणाक विचारूं?" बरं वाटतंय ना, हे विचारायला त्यांना सोबत कोणीतरी हवं होतं.

पुढच्या रविवारी टेंपोत सायकली घालून आम्ही केरीला गेलो आणि उजाडताना निघालो. ती चड्डी मी घातली होती. बघणारे बघत होते, आणि फारसं काही बिघडत नव्हतं. पुंडलीकबाब मुद्दाम माझ्या मागे. दर मैलाला हाक यायची, "दुखता?" मी म्हणायचो, "ना." ते खरंही होतं. समुद्रावरून वारा येत होता, आणि इतक्या वर्षांत आपण हे का केलं नाही, असं वाटत होतं.

हरमलच्या अलीकडे एक चढ आहे. तो अर्धा चढलो आणि उजवं मनगट खरंच ठणकायला लागलं. मागून हाक आली, "दुखता?"

तोंडावर 'ना' आलं होतं. ते गिळलं.

"दुखता," मी म्हटलं. "उजवं मनगट."

त्यांनी करकचून ब्रेक लावला. सायकल रस्त्याकडेच्या दगडी गडग्याला टेकवून जवळजवळ धावतच आले, माझं मनगट दोन्ही हातांत घेऊन उन्हात धरलं आणि म्हणाले, "खंय? सारकें सांग." एवढा आनंदलेला माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता.