मडक्यातला दात

त्या रविवारी बाथरूमच्या कपाटात दोन दात होते, आणि दोन्ही सारख्याच पांढऱ्या डब्यांत.

एक निर्जंतुकबाईंच्या नवऱ्याचा. शनिवारी दातांच्या डॉक्टरांनी तो उपटला आणि नवरा तो हट्टाने घरी घेऊन आला. "चाळीस वर्षं सोबत होता," तो म्हणाला. "कचऱ्यात कसा टाकू?" दुसरा दात तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा. त्याच्याबद्दल बाईंनी घरात अवाक्षर काढलं नव्हतं.

निर्जंतुकबाई हे नाव त्यांना सहकाऱ्यांनी ठेवलेलं. जुन्या हाडांतून डीएनए काढून कोण माणसं कुठून कुठे गेली याचा छडा लावणाऱ्या संस्थेत त्या बावीस वर्षं होत्या. एका शिंकेने नमुना बाद होतो, म्हणून त्या दोन मास्क आणि दोन हातमोजे घालत आणि पाहुण्यांना दारातूनच वाटेला लावत. नमुना घरी न्यायचा नाही, हा नियम त्यांनीच लिहून भिंतीवर डकवला होता. पण शुक्रवारी संध्याकाळी संचालकांनी तो दात डबीत घालून त्यांच्या हाती दिला आणि पाचच मिनिटांत झुरळांवर फवारणी करणारे लोक पंप घेऊन हजर झाले. नमुन्याला औषध लागलं असतं तर सगळंच मुसळ केरात. बाईंनी डबी पर्समध्ये टाकली.

संचालकांचा जीव त्या दातात होता. तीस वर्षांपूर्वी, ऐन तारुण्यात, त्यांनी दफनाचं एक मोठं मडकं खणून काढलं होतं. आतल्या हाडांचा भुगा झाला होता, पण एक दात शाबूत निघाला. डीएनए काढण्याची चांगली सोय होईपर्यंत त्यांनी तो कुलपात ठेवला, कुणाला दाखवलासुद्धा नाही. आता पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते.

रविवारभर आंघोळींच्या वाफेने डब्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या. सोमवारी सकाळी नवऱ्याने घाईघाईत एक डबी खिशात घातली, कारण ऑफिसात दात दाखवायचा होता. उरलेली बाईंनी उचलली.

संस्थेत गेल्यावर त्यांनी डबी उघडली. दात काळाकुट्ट, अर्धा किडलेला, मुळाशी पिवळट. तीन हजार वर्षांचा दात कसा दिसावा, तर अगदी असाच. बाईंनी त्याची पूड केली.

नवऱ्याच्या ऑफिसात वेगळंच नाट्य चाललं होतं. "अहो, हा दात चांगला धडधाकट आहे की," हेडक्लार्क डबीत डोकावून म्हणाले. "कीड कुठाय? तुमचा चुकीचा दात काढलाय."

नवऱ्याने जिभेने खड्डा चाचपला. शनिवारपर्यंत दुखत होतं ते याच जागी की शेजारी, हे आता त्यालाही आठवेना. दुपारी तो दवाखान्यात जाऊन थडकला. "माझा चांगला दात काढलात."

डॉक्टरांनी दात उजेडात धरला. "हा तुमचा दातच नाही."

"माझ्या तोंडातून काढलात आणि माझा नाही?"

"मी काढला तो कोळशासारखा होता. हा कुणाचा आहे ते बघतो. तोवर इथेच राहू दे."

इकडे तीन आठवड्यांनी निकाल आला. डीएनए भरपूर, आणि कुठेही तुटलेला नाही. बाईंना चैन पडेना. "सर, इतक्या जुन्या दाताच्या मानाने हा फारच ठणठणीत आहे. बाहेरून काही मिसळलं असेल."

"संस्थेतल्या सगळ्यांच्या डीएनएशी ताडून पाहिलंत ना?"

"पाहिलं. कुणाशीच जुळत नाही."

"मग झालं तर. मडकं तोंड बंद करून पुरलेलं होतं, बाई. हा माणूस आजच्या इथल्या लोकांसारखाच आहे. म्हणजे आपण बाहेरून आलेलो नाही. तीन हजार वर्षं इथेच आहोत." बाईंनी पुन्हा तपासायच्या आतच संचालकांनी परस्पर वर्तमानपत्राला बातमी देऊन टाकली.

रविवारी नवरा ती बातमी मोठ्याने वाचत होता. "'या पूर्वजाला दूध पचत नसावे. टक्कल ऐन तिशीत पडले असावे.' बिचारा."

बाईंनी वर पाहिलं. समोर वर्तमानपत्र होतं, वर्तमानपत्राच्या वर तुळतुळीत टक्कल होतं आणि शेजारी बिनदुधाचा चहा.

"अहो, तुमचा दात कुठाय?"

"डॉक्टरने ठेवून घेतलाय. म्हणे माझा नाही. त्याच्या नावाने मी तक्रार लिहिलीये, उद्या टाकतो."

"टाकू नका," बाई म्हणाल्या. बावीस वर्षं आणि भिंतीवरचा तो नियम. मग त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे पूर्वज मी," तो शेवटी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. माफी मागितल्याशिवाय डॉक्टर डबी देईनात. नवऱ्याने दोनदा मागितली, कारण पहिली डॉक्टरांना नीट ऐकू आली नाही म्हणे. मग त्यांनी दाताचा एक्स-रे दाखवला. मुळाच्या आत वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ होती.

"मूळ साफ करून आत सिमेंट भरलंय. ही पद्धत तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची. माझे गुरुजी अस्संच करायचे."

"तीन हजार वर्षांपूर्वी?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं. बाईंना तपासायची गरज आहे का, असा तो प्रश्न होता.

तासाभरात बाई संचालकांच्या खोलीत उभ्या होत्या. फवारणी, पर्स, बाथरूम, नवरा, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. टेबलावर डबी ठेवली, एक्स-रे ठेवला, शेवटी राजीनामाही ठेवला.

संचालकांनी एक्स-रे खिडकीशी धरला. बराच वेळ धरला. त्यांचा डावा गाल आतून जिभेने जरासा फुगला.

"मडकं वर घेताना मी पाय घसरून त्याच्यावरच आपटलो होतो," ते हळूच म्हणाले. "माझं तोंड फुटलं, मडक्याचं झाकणही. एक दात मुळासकट गेला. सगळ्यांनी दुपारभर माती चाळली, सापडला नाही. आठवड्याने मडक्यातली माती धुतली, तेव्हा हा निघाला. मला वाटलं..."

त्यांनी एक्स-रे टेबलावर पालथा ठेवला.

मग त्यांनी कागद ओढून वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. नमुना सदोष होता, निष्कर्ष मागे घेत आहोत, चूक माझी. खाली सही केली. बाईंचा राजीनामा चार तुकडे करून टोपलीत टाकला.

"तुमचे ते दातांचे डॉक्टर," ते डबी खिशात घालत म्हणाले, "त्यांचा पत्ता द्या. तीस वर्षं मी उजव्या बाजूनेच चावतोय."