पिंप्राळ्यातलं तुर्की

सकाळी सातला आमच्या शेजारच्या नानांचं फाटक करकरतं आणि पाठोपाठ घोषणा होते, “गिदियोरुम!” म्हणजे नाना निघालेत. दूध घेऊन परतताना “गेलियोरुम!”, म्हणजे येताहेत. दिसतच असतं आम्हाला! पण नाना तीस वर्षं बसस्टँडवर कंट्रोलर होते. माइकवरून सांगितल्याशिवाय गाडी सुटते, हेच त्यांना मान्य नाही.

नानांचा मुलगा नोकरीसाठी तुर्कस्तानात गेला आणि तिथल्याच एलिफशी लग्न करून बसला. ती पहिल्यांदाच सासरी येणार म्हणून नाना मोबाइलवर तुर्की शिकत होते. केलं, करीन वगैरे सगळे काळ सोडून त्यांनी ‘करतोय, जातोय’ एवढंच धरलं. “बठ्ठं घर त्यावरच चालस,” ते म्हणायचे, म्हणजे सगळं घर. “चहा करी ऱ्हायनू, जेवी ऱ्हायनू. घरमा आखो काय बोलतस मानसं?” एकदा न्हाव्याचा वस्तरा गळ्याशी असताना त्याला “तिराश ओलुयोरुम” सांगायला गेले, म्हणजे माझी दाढी चाललीय. हनुवटी कापली. न्हावी घाबरला, नाना खूश.

शेवटी मी वैतागलो. “नाना, मुलगा आहे ना दुभाष्या? या वयात कशाला हा आटापिटा?”

नानांनी मोबाइल खाली ठेवला.

“तुन्ही काकू यावलकडली. लगीन करी तिले आमना गावले, शिंदखेडाले आणी. आमनी बोली येगळी, तिनी येगळी. ती बोलनी का घरना हासेत. मंग सहा महिना ती बोलनीच नही.” मोबाइलची काच पुसत म्हणाले, “मी बी हासनू व्हतू, भाऊ.”

काकूंना जाऊन चार वर्षं झालीत. मला माझ्याच आगाऊपणाची लाज वाटली.

एलिफ आली त्या दिवशी नाना इस्त्रीचा सदरा घालून फाटकात उभे होते. रिक्षा थांबली. ती वाकून पाया पडली आणि नाना पाठ केलेलं सगळं विसरले. सगळी गल्ली बघतेय, मुलगा बघतोय. अखेर स्वयंपाकघराकडे बोट करत ते कसेबसे म्हणाले, “चाय... यापियोरुम.” चहा करतोय.

एलिफ खळखळून हसली.

नानांचा चेहरा उतरला. पण ती तशीच हसत त्यांच्या हाताला धरून आत गेली, पातेलं गॅसवर चढवलं आणि जी तुर्कीत बोलत सुटली! हातवारे काय, प्रश्न काय, मध्येच स्वतःशी मान हलवणं काय. चहा उतू गेला तरी थांबेना. मुलगा बाहेर बॅगा घेऊन उभाच.

मी हळूच विचारलं, “नाना, काय म्हणतेय?”

“काहीच समजनं नही,” नाना डोळे पुसत म्हणाले. “पन बोली ऱ्हायनी ना, भाऊ!”