बुफेतलं केळवण

लास वेगासला येणाऱ्या पाहुण्याला कारंजी बघायची असतात. आमचे दामलेकाका त्याला गालिचा दाखवायचे. तोही झगमगत्या रस्त्यावरच्या एखाद्या बड्या हॉटेलातला नव्हे, तर हायवेलगतच्या, आमच्या वस्तीतल्या स्वस्त कॅसिनो हॉटेलातला. काका तिथे अठ्ठावीस वर्षं रिसेप्शनवर होते आणि एकदाही जुगार खेळले नव्हते.

"हा चौथा गालिचा," ते बूट बाजूला घेत सांगायचे. "पहिल्यावर घोडे होते. दुसऱ्यावर आमच्या मीनलचा दुधाचा दात पडला. शोधतोय अजून!"

हॉटेलचा इतिहास ते घराण्याच्या कुळकथेसारखा सांगत. मूळ पुरुष म्हणजे ट्रकवाल्यांसाठी बांधलेलं बैठं मोटेल. त्याचं थोरलं अपत्य कॅसिनो, मधलं बोलिंग आणि शेंडेफळ बुफे. "इथे टूरिस्ट येत नाहीत हो, माणसं येतात," हे पालुपद. माझ्या सासऱ्यांनी हे सगळं दोन तास उभ्याने ऐकलं आणि क्षीण आवाजात विचारलं, "जावईबापू, कारंजी आजच दिसतील ना?"

पण काकांचं खरं वेड म्हणजे केळवण. ओळखीत कुणाचंही लग्न ठरो, जोडप्याला बुफेत हजर करायचंच. ताटाभोवतीची रांगोळी स्वीटनरच्या गुलाबी-निळ्या पुड्यांची. ती रोझा नावाची वेट्रेस काढायची, माझ्या बायकोपेक्षा सुबक. (हे वाक्य बायकोने वाचलंय. पुढचा मजकूर मी उपाशीपोटी लिहितोय.) औक्षणाचं निरांजन पहिल्याच खेपेला सिक्युरिटीवाल्याने विझवलं. पुढे तोच आपली बॅटरी पेटवून तबकात ठेवू लागला. बुफेत ज्याने त्याने आपलं वाढून घ्यायचं असतं, पण काका पंगतीतल्यासारखा आग्रह करकरून वाढत. माझ्या भाच्याचं केळवण झालं तेव्हा लग्न त्याचं होतं आणि अपचन मला झालं.

२००६च्या उन्हाळ्यात हॉटेल विकलं गेलं. रविवारी दुपारी दोन वाजता बुफे कायमचा बंद होणार होता. नेमकं त्याच महिन्यात काकांच्या लेकीचं, मीनलचं लग्न ठरलं, चौतिसाव्या वर्षी, एरिकशी. ती दूर उत्तरेला, बॉथेल गावी एका बायोटेक कंपनीत होती. काकू तिच्या लहानपणीच गेलेल्या. तिचा होमवर्क, जेवणं, रुसवेफुगवे सगळं याच हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये झालेलं. अख्ख्या गावाची केळवणं केलेल्या बापाला आता पोटच्या मुलीचं करायचं होतं, आणि ती फोनवर म्हणाली होती, "बाबा, वर्क खूप आहे. आय विल ट्राय."

रविवारी मी आणि बायको बारापासूनच काकांसोबत बसलो होतो. काकांनी रिसेप्शनचा कोट कडक इस्त्री करून घातला होता. "बिझी असते हो ती," ते दर दहा मिनिटांनी म्हणत होते, आम्ही काही विचारलं नसताना. दीड वाजला. रोझाने काउंटरवरचे दोन ट्रे उचलले, काकांकडे पाहिलं आणि परत ठेवले.

पावणेदोनला मीनल धापा टाकत आली. मागून तिने ओढत आणलेला एरिक.

"सॉरी बाबा! फ्लाइट डिले झाली यार!"

काकांनी तिच्या हातातली बॅग घेतली आणि खुर्ची ओढून दिली.

एरिकने बसल्या बसल्या इंग्रजीत विचारलं, "हे हॉटेल कधी बांधलं?"

मी बायकोकडे हताशपणे पाहिलं. आता दोन तासांची निश्चिंती! पण काकांना तो प्रश्न ऐकूच गेला नाही. ते प्लेट घेऊन केव्हाच काउंटरवर पोचले होते आणि आचाऱ्याला बजावत होते, "नो पेपर, नो चिली! शी कॅनॉट टेक स्पायसी. शी विल क्राय!"

मग त्यांनी कुस्करलेल्या बटाट्यांचा पांढराफटक डोंगर तिच्यासमोर आणून ठेवला आणि ते तिच्या शेजारी उभे राहिले.

एरिकने सवयीने हॉट सॉसची बाटली तिच्याकडे सरकवली. मीनलने ती गुपचूप मांडीवरच्या नॅपकिनखाली दडवली. "बाबांना सांगू नका हं," ती माझ्या कानाशी कुजबुजली. "आय पुट इट ऑन एव्हरीथिंग."

तिने तो डोंगर शेवटच्या घासापर्यंत संपवला आणि प्लेट पुढे केली.

"बाबा, अजून वाढा ना."