वाटेवरचा देश

मनुष्य जगात एकटा येतो आणि एकटाच जातो, असं थोरांनी सांगून ठेवलं आहे. थोरांवर अमेरिकेहून भारतात जायची वेळ आली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावात कोणी भारतात निघालं, की ही बातमी त्याच्या बायकोच्या आधी शोभाला कळते. (शोभा म्हणजे आमची ही.) मग 'कोणी जातंय का' ही संस्था कामाला लागते. या संस्थेला कार्यालय नाही, घटना नाही, अध्यक्ष नाही, म्हणूनच ती चालते. प्रत्येकाची वस्तू 'अर्धाच किलो' असते. आमच्या पाहणीनुसार इथल्या अर्ध्या किलोचं सरासरी वजन सव्वातीन किलो भरतं. त्यात बदाम, व्हिटॅमिनच्या बाटल्या, शांपू आणि गुडघ्याचे पट्टे असतात. बदाम पुण्यात मिळत नाहीत असं नाही, पण ते विमानात बसून आलेले नसतात. विमानतळावर 'बॅग तुम्हीच भरली का? कोणी काही दिलंय का?' असं विचारतात, तेव्हा टॅक्समध्ये एक डॉलर न लपवणारा आमचा सज्जनही शांतपणे 'मीच भरली' म्हणतो. संस्कार म्हणतात ते हेच.

दोन हजार चार साली आमच्या शेजारच्या अमेयला त्याच्या कंपनीने एका छोट्या डोंगराळ देशात पाठवायचं ठरवलं. तिथल्या बँकेत कॉम्प्युटर बसवायचे, मग दिल्लीमार्गे पुणे गाठायचं आणि रविवारी वैदेहीशी साखरपुडा करायचा, असा बेत होता. मुलगा एरवी साधा शर्टसुद्धा चार जणांना विचारून घेतो, पण अंगठी त्याने स्वतः निवडली होती. वैदेहीबद्दल बोलताना तो मराठीच्या मध्येच थांबायचा आणि लाजून इंग्लिश बोलायचा. मला मोठं कौतुक वाटायचं.

"काकू, मी डायरेक्ट इंडियाला नाही जात, मध्ये प्रोजेक्ट आहे," त्याने सांगून पाहिलं.

"अरे, वाटेवरच आहे की तो!" शोभा म्हणाली आणि तिने नकाशावर बोट ठेवलं. बोटाखाली तो देश सबंध झाकला गेला. (त्या देशाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं, तर तिथे जाणाऱ्यांचे हाल व्हायचे.)

अमेयच्या दोन्ही बॅगा भरल्या. त्याचे स्वतःचे कपडे त्याने बहुतेक अंगावर घातले.

त्या देशाचा विमानतळ अतिशय सुव्यवस्थित आहे. विमान यायचं झालं, की भोंगा वाजतो आणि धावपट्टीवरची गुरं आपणहून बाजूला होतात. वेळापत्रक भिंतीवर रंगवलेलं आहे, पण विमान ढगांना विचारून सुटतं. हवा विरळ, डोंगर जवळ, म्हणून प्रवाशाला सामानासकट धान्याच्या काट्यावर उभं करून वजन करतात. (वजन मोठ्याने पुकारतात. तिथल्या बायका विमानाने फारशा जात नाहीत, याचं कारण गरिबी नसावं.)

येताना विमान मोकळं होतं. जाताना मात्र संत्र्यांचा हंगाम होता. संत्र्यांच्या पेट्या पट्टे बांधून सीटवर बसल्या होत्या आणि एकच जागा उरली होती. अमेयचं वजन भरलं अडुसष्ट किलो, बॅगांचं चौसष्ट. अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला, "साब, या आप, या सामान."

त्यानंतर आठवडाभर ढग हटणार नव्हते. कुणीही शहाणा माणूस बॅगा टाकून निघाला असता. पण अमेय आमच्या संस्थेत वाढलेला. त्याने आम्हाला फोन लावला. आमच्याकडे जेवणं चालली होती.

"काकू, बॅगा इथेच ठेवू का? साखरपुडा मिस होईल यार... सॉरी, काकू."

"ठेव की! तुझा साखरपुडा महत्त्वाचा," शोभा म्हणाली. "फक्त पुण्याच्या सुलभाताईचा गुडघ्याचा पट्टा तेवढा ने."

मग, कुणावर अन्याय नको म्हणून, तिने सामान देणाऱ्या सगळ्यांना कॉन्फरन्स कॉलवर घेतलं. मालिनीताई म्हणाल्या, "बाकीचं राहू दे रे, माझे बदाम तेवढे ने." कुमार म्हणाला, "माझा शांपू सोडून सगळं ठेव." बॅगा सोडाव्यात यावर सर्वांचं एकमत झालं. प्रत्येकाने अपवाद फक्त एक मागितला. अपवादांची बेरीज चौसष्ट किलो झाली.

बॅगा खिडकीपाशी बसून दिल्लीला गेल्या. अमेयचे राजेशमामा तिथे उभेच होते. रविवारी बॅगा साखरपुड्याला वेळेवर पोचल्या. पुण्यात सगळे आनंदले. सुलभाताईंनी पट्टा तिथल्या तिथे घालून पाहिला, बदाम मोजून घेतले गेले, मंडळी जेवून गेली. नवरा मुलगा कुठे आहे, हे फक्त वैदेहीने विचारलं. मग तिने दोन्ही बॅगा तळापर्यंत पाहिल्या. तिच्या नावाचं काहीच नव्हतं. अंगठी अमेयच्या खिशात होती.

ढग हटेपर्यंत अमेयची रजा संपली. तो तिथूनच परत आला. वैदेहीचा फोन आला, तेव्हा मी त्याच्याकडेच बसलो होतो. तो म्हणाला, "अंगठी घेऊन मी दिवाळीत येतो." ती भांडली नाही. "तू कशाला? कोणी येत असेल तर पाठवून दे," एवढंच म्हणाली आणि तिने फोन ठेवला. पोराचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं. शोभाला मात्र मुलगी पसंत पडली. घरात यायच्या आधीच तिला आपली पद्धत कळली, म्हणाली.

अंगठी अजून इथेच आहे. अमेय रोज डबी उघडतो, पाहतो, मिटतो. वैदेहीची उद्या कोणी समजूत काढलीच, तर अंगठी तिकडे हाताशी असलेली बरी. म्हणून तुम्हाला विचारतो, तुम्ही पुण्याला कधी निघताय? वजन म्हणाल तर काहीच नाही. चिमूटभर डबी, ती शर्टाच्या खिशातसुद्धा मावेल.

फक्त सुलभाताईचा दुसरा गुडघाही आता दुखायला लागलाय, त्याचा पट्टा तेवढा बॅगेत टाका. अर्धाच किलो आहे.