लाझारो आणि मंडळींचा सत्यनारायण

करोनाच्या दुसऱ्या हिवाळ्यात नेदरलंडच्या सरकारने सखोल अभ्यासाअंती असं ठरवलं, की विषाणू केस कापताना पसरत नाही, ड्रम वाजवताना पसरतो. त्यानुसार केशकर्तनालयं उघडली आणि नाट्यगृहं बंद राहिली. निर्णय शास्त्रीय असल्याने त्यावर शंका घेण्याचं कुणाला कारण नव्हतं. हार्लेमच्या लाझारोला मात्र होतं, कारण तो ड्रमर होता आणि त्याला टक्कल होतं. उघडलेल्या दुकानाचा त्याला उपयोग नव्हता आणि उपयोगाचं दुकान उघडत नव्हतं.

लाझारो मूळचा क्यूबातल्या मातान्सास गावचा. लहानपणी त्याने घरात एकही पातेलं धड ठेवलं नाही, तेव्हा भांडी वाचावीत म्हणून वडिलांनी त्याला ड्रम शिकायला घातलं. पुढे तो हवानाच्या हॉटेलांत वाजवू लागला, एका बँडबरोबर युरोपात आला, हार्लेमच्या एका बाईच्या प्रेमात पडला आणि राहिला. बाई यथावकाश निघून गेली, हार्लेम राहिलं. मग त्याने स्वतःचा जॅझ बँड उभा केला. बँडप्रमुख ड्रमर म्हणजे सगळ्यांच्या मागे बसून सगळ्यांना पुढे ढकलणारा माणूस, आणि हे काम वयाची साठी उलटली तरी लाझारो झोकात करत होता.

महामारीत हे झोकात चाललेलं काम टप्प्याटप्प्याने बंद झालं. आधी प्रेक्षक दीड मीटरवर बसले, मग घरी बसले. बँडने ऑनलाइन तालीम करून पाहिली. पण इंटरनेट प्रत्येकाचा ठोका थोडा उशिरा पोचवायचं, त्यामुळे जो तो आपापल्या घरी बरोबर वाजवायचा आणि सगळे मिळून चुकायचे. बास वाजवणारा रुबेन विमानतळावर खोकी उचलू लागला. ट्रम्पेटवाला पाव भाजायला शिकला आणि दुर्दैवाने चांगला भाजू लागला. लाझारोला धास्ती होती ती एकच. ही माणसं लवकरात लवकर एका छताखाली, लोकांसमोर वाजवायला बसली नाहीत, तर उन्हाळ्यापर्यंत बँड नावाचं काही उरणार नव्हतं.

त्याने सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाई फार सौजन्यशील होत्या.

"तुमचा व्यवसाय अत्यावश्यक आहे का?"

"मला आहे."

"तुम्हाला नाही, समाजाला. बरं, संपर्क-व्यवसाय आहे का? म्हणजे ग्राहकाला स्पर्श करता का?"

"हृदयाला करतो."

"हृदयाला स्पर्श ही वैद्यकीय सेवा झाली. त्याचा परवाना वेगळा." बाईंनी यादीचं पान उलटलं. "धार्मिक कार्य असेल तर प्रश्नच नाही. धर्मात आम्ही ढवळाढवळ करत नाही. तुमचं संगीत धार्मिक आहे का?"

लाझारोने प्रामाणिकपणे नाही म्हटलं. प्रामाणिक माणसांची कामं हेल्पलाइनवर होत नाहीत.

त्याच्या खालच्या मजल्यावर योगिनी आणि यतीन हे पुण्याचं जोडपं राहायचं. यतीन आयटीत होता. योगिनी त्याच्यामागून डिपेंडंट व्हिसावर आली आणि आता भाषांतराची स्वतःची कामं घेत असे. शिवाय ती तिथल्या मराठी मित्रमंडळाची सांस्कृतिक चिटणीस होती. लाझारोने जिन्यात तिला हेल्पलाइनचं संभाषण ऐकवलं. "धर्म" या शब्दावर तिने हातातली सायकलची किल्ली खाली टाकली.

"थांब. आमचंही तेच अडलंय, पण उलटं!"

मंडळाचा पेच असा होता: संक्रांतीचं हळदीकुंकू सांस्कृतिक, म्हणून बंद. सत्यनारायण धार्मिक, म्हणून चालू. पण समूहाने गायला मनाई. आता आरती म्हणायची कशी? त्याच संध्याकाळी झूमवर मंडळाची कार्यकारिणी भरली. अध्यक्ष विश्वासदादा एका मोठ्या कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजर होते आणि देवाकडेही ते स्टेकहोल्डर म्हणूनच बघत.

"प्रॉब्लेम स्टेटमेंट क्लिअर आहे," ते म्हणाले. "तोंड उघडायचं नाही आणि आरती तर झाली पाहिजे. सोल्युशन?"

"विश्वासदादा, आमच्या वरचा लाझारो ड्रमवर वाजवेल. त्याचा अख्खा बँड आहे," योगिनी म्हणाली.

"बँड? लग्नात वाजतो तसा?"

"नाही हो, जॅझ."

"ड्रमला चामडं कसलं?"

"प्लॅस्टिकचं आहे."

"मग सोवळ्याचा इश्यू नाही. पण इतकी माणसं कशाला? विचारलं तर प्रत्येकाचं रिलिजस जस्टिफिकेशन द्यावं लागेल."

ते योगिनीने तिथल्या तिथे दिलं. काँगा ढोल म्हणजे मृदंग. डबल बास म्हणजे वीणा, फक्त उभी. पियानो ही मोठी पेटी. ट्रम्पेटची शंख म्हणून नोंद झाली. क्यूबन लोक वाजवतात त्या लोखंडी घंटेला काही बदलावंच लागलं नाही. कुणी नाचलंच तर ती प्रदक्षिणा समजावी, असाही ठराव झाला. लाझारोला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मला पाण्याची टाकी म्हणा, पण वाजवू द्या."

बाडहूव्हडॉर्प गावच्या एका सभागृहात पूजा झाली. लाझारो आणि मंडळी कपाळाला गंध लावून, अनवाणी, खांद्यावर उपरणी घेऊन बसली. आरती सुरू झाली आणि भाविकांनी टाळ्या धरल्या. लाझारोने जगभरचे श्रोते पाहिले होते, पण एकाच आरतीत इतक्या वेगाने पळत सुटणारे पाहिले नव्हते.

"यांना कुठे जायचंय?" त्याने योगिनीला विचारलं.

"प्रसादाकडे."

लाझारोने वेग आवरला, टाळ्यांच्या मध्ये एक आडवा क्यूबन ठोका सरकवला, आणि रुबेनने बासवर तो उचलला. मग पियानो आला, मग शंख. कित्येक महिन्यांनी ती माणसं एकाच हवेत एकाच वेळी वाजवत होती. लाझारोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते त्याने पुसलं नाही, हात मोकळे नव्हते.

आरती लांबली तसे भाविक टाळ्या सोडून खुर्च्यांवर बसले, आणि तेवढ्यात पाहणी अधिकारी आला. कुणीतरी जॅझ ऐकू येत असल्याची तक्रार केली होती.

"ही मैफल आहे," तो म्हणाला.

"पूजा आहे," विश्वासदादा म्हणाले. "पाच अध्याय झाले. सध्या आरती."

अधिकारी नियमाने चालणारा माणूस होता. मैफल म्हणजे काय, हे नियमात दिलेलं होतं: एकाने सादर करणं आणि इतरांनी ऐकणं. सादरीकरण तर उघडच होतं. तेव्हा तो दुसऱ्या अटीची खातरजमा करायला सभागृहात फिरला. पहिल्या रांगेत घराच्या कर्जाच्या व्याजदराची चर्चा चालली होती. दुसऱ्या रांगेतल्या बाई भारतातल्या बहिणीला व्हिडिओ कॉलवर साडी दाखवत होत्या. बरेच जण लाझारोकडे पाठ करून त्याच्यासह सेल्फी घेत होते. एक गृहस्थ मात्र डोळे मिटून तल्लीन झाले होते. अधिकाऱ्याने त्यांच्याजवळ जाऊन कान दिला, ते घोरत होते.

"क्षमा असावी," अधिकारी बाहेर येऊन म्हणाला. "कुणीच ऐकत नाही. ही मैफल नाही. चालू द्या."

बातमी मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांतून वाऱ्यासारखी पसरली. लाझारो आणि मंडळींना न्यूनेन गावची वास्तुशांत, कुठलं बारसं, कुठली उदकशांत अशी आमंत्रणं येऊ लागली. रुबेनने खोकी उचलणं सोडलं. ट्रम्पेटवाल्याचा पाव बिघडू लागला, ही सुचिन्हंच होती. बँड टिकला.

मग निर्बंध उठले. लाझारोने हार्लेममध्ये एक छोटं नाट्यगृह ठरवलं आणि पहिलं आमंत्रण विश्वासदादांना फोन करून दिलं.

"वा! कसली पूजा आहे?"

"पूजा नाही. संगीत आहे."

"आणि नंतर जेवण?"

"नाही. फक्त संगीत."

"फक्त?" विश्वासदादांना खरोखर वाईट वाटलं. "बघतो हं लाझारोजी, त्या दिवशी जरा जमणं कठीण आहे. पण रेकॉर्डिंग पाठवा, ग्रुपवर फॉरवर्ड करतो."

नाट्यगृहात योगिनी, यतीन आणि काही जुने डच चाहते होते. त्यांनी इतकं मन लावून ऐकलं की रुबेन दचकला आणि दोनदा चुकला. कार्यक्रम संपल्यावर बँडने लाझारोला समजावलं, की रिकाम्या खुर्च्यांपेक्षा पाठमोरी माणसं बरी. लाझारोने बराच वेळ काठ्या हातात फिरवल्या. त्याला रडू येत होतं. बँड त्याला हवाच होता, तेव्हा त्याने मान डोलावली.

हल्ली ते कुठल्या ना कुठल्या मंगलकार्यात असतात. परवा एका मुंजीत लाझारोने असं काही वाजवलं, की हवानात लोकांनी खुर्च्या डोक्यावर घेतल्या असत्या. यजमानीणबाई लगबगीने जवळ आल्या.

"लाझारोजी, छानच. फक्त जरा हळू घ्या ना, पाहुण्यांना बोलताना त्रास होतोय."

काय एकेक लोक असतात, असं तुम्हाला वाटलं असेल. साहजिक आहे. तुमच्या घरच्या शेवटच्या कार्याला कोपऱ्यात कुणाला तरी सनई किंवा सतार वाजवायला बसवलं होतंत. त्यांचं नाव काय होतं?