मनोहरभाऊ गाडी पाहतात

मनोहरभाऊ जुनी गाडी पाहायला जाताना सोबत उशी नेतात. मालक बॉनेट उघडून उभा राहतो, आणि भाऊ मागचं दार उघडून, चपला बाहेर काढून, सीटवर आडवे होतात. इंजिन चालू ठेवायचं आणि कुणी बोलायचं नाही. वीस मिनिटांत झोप लागली तर गाडी पास.

"इंजन कोणीबी सुधरवते, सर," ते मला म्हणाले होते. "पण ज्या गाडीत माणसाले झोप नाई येत, थे घरी आणून करता काय?"

देवळीला आमच्या शेजारच्या घरात ते एकटेच राहतात. एस.टी.त तीस वर्षं कंडक्टर होते. गाडी त्यांना चालवता येत नाही, स्टिअरिंगला त्यांनी कधी हातही लावलेला नाही. तरी आमच्या गल्लीत जुनी गाडी घ्यायची म्हटलं की भाऊंना नेल्याशिवाय व्यवहार होत नाही, आणि नेल्यावर तर बहुधा होतच नाही.

मागच्या हिवाळ्यात ही पाळी माझ्यावर आली. माझी बदली सेलूच्या बाजूच्या एका शाळेत झाली होती. दोन बस बदलून पोचेपर्यंत पहिला तास बुडायचा आणि हेडमास्तरांनी लेखी खुलासा मागितला होता. गाडी घेणं भागच होतं.

पहिली गाडी सिंदीला, एका कापूस व्यापाऱ्याची. पांढरी, चकचकीत. भाऊ आडवे झाले आणि चक्क घोरायला लागले. मी मनातल्या मनात पेढे वाटून टाकले. उठल्यावर भाऊंनी डोळे चोळले आणि गाडी नापास केली. का, तर झोपेत आपण बिनतिकीट प्रवास करतोय असं स्वप्न पडलं म्हणे. असली गाडी दारात नको.

दुसरी वर्ध्याला. तिथे त्यांनी पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास बॉनेटवर ठेवून इंजिन सुरू करायला लावलं. एक थेंब सांडला नाही. मग भाऊंनी ते पाणी पिऊन पाहिलं, आणि गाडीबद्दल चकार शब्द न काढता मालकाच्या आईला अर्धा तास समजावत बसले, की तुमच्या बोअरचं पाणी जड आहे, यानं मुतखडा होतो. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक येऊन गाडी घेऊन गेलं.

तिसऱ्या गाडीत आम्ही चक्कर मारून पाहिली. निघताना भाऊंनी सवयीनं छतावर दोन थापा मारल्या, आणि गाडी वेगात आल्यावर मागं किती माणसं आहेत ते पाहायला उठून उभे राहायला गेले. डोकं आपटलं. छत बुटकं, म्हणून नापास.

माझी बायको म्हणाली, आता एकटेच जा. मी तसं ठरवलंही. रविवारी सकाळी हळूच फाटक उघडलं, तर भाऊ इस्त्रीचा सदरा घालून, काखेत उशी धरून बाहेर उभे. हिंगणीला जायचंय हे त्यांना कुठून कळलं, देव जाणे.

हिंगणीची गाडी एका मास्तरांची होती. मास्तर वर्षापूर्वी गेले. त्यांच्या पत्नी वनिताबाईंनी आम्हाला चहा दिला, पण किल्ली काही हातातून सोडली नाही. मुलगा पुण्याला, गाडी उभ्या उभ्या खराब होईल, काढून टाक म्हणतो, असं त्यांनी सांगितलं. गाडी शेडमध्ये होती आणि तिच्यावर धुळीचा कण नव्हता. कोण पुसतं, भाऊंनी विचारलं. रोज सकाळी मीच पुसते, बाई म्हणाल्या. चालवता येत नाही, पण पुसता तर येते.

भाऊंनी उशी माझ्याकडे दिली. समोरचा कप्पा उघडून त्यांनी चष्म्याचं घर काढलं, मग कंगवा, मग बडीशेपेची पुडी. दाराच्या खणातून एक रुमाल निघाला. सीटखाली हात घालून त्यांनी दोन खडू काढले. अर्धा तास ते गाडीचा कोपरा न् कोपरा चाचपत होते आणि सापडेल ते एकेक बाईंच्या हातात देत होते. शेवटी सीटच्या फटीतून एक घडी घातलेली चिठ्ठी निघाली. बाईंनी ती उघडली. बाजाराची यादी होती: साबण, चहापत्ती, वनिताच्या गोळ्या.

बाई ओट्यावर बसल्या. ती चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली, घडी घालून पदराच्या टोकाला बांधली, आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"हे राहू द्या माह्यापाशी," त्या म्हणाल्या. "गाडी न्या आता."

आठवडाभरात कागदपत्रं झाली आणि गाडी घेऊन आम्ही देवळीकडे निघालो. भाऊ माझ्या शेजारी बसले होते. वर्धा मागे पडल्यावर मी त्यांना विचारलं, की त्या दिवशी तुम्ही इंजिन ऐकलं नाही, झोपून पाहिलं नाही, नुसते कप्पे काय शोधत बसलात?

भाऊंनी समोरचा रिकामा कप्पा उघडून पुन्हा लावला.

"माह्या घरची अंगणवाडीत होती," मग म्हणाले. "स्कूटीनं जाये. थे गेली अन् महिन्याभरातच मी स्कूटी विकून टाकली, डोळ्यापुढं नको म्हणून. डिक्की पाहाची राहून गेली."

"काय होतं डिक्कीत?" मी विचारलं.

भाऊ खिडकीबाहेरच्या कपाशीकडे पाहत होते.

"थेच तं मालूम नाई, सर."